नोट्स पुस्तक मिटून काढाव्यात

नववी-दहावीच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे नोट्सची वेगळी वही असते. तिच्यात मथळ्यांखाली रंगीत रेघा असतात, व्याख्यांभोवती चौकटी असतात आणि पाठ्यपुस्तकातील वाक्ये थोडी आखडून सुवाच्य अक्षरात उतरवलेली असतात. ही वही पूर्ण करण्यात सुट्टीतले आणि रात्रीचे कितीतरी तास जातात. तरीही पूर्वपरीक्षेत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ किंवा ‘विधान सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न समोर आला की तोच कष्टाळू विद्यार्थी अडतो, आणि घरी त्याला आणखी मेहनत करण्याचा सल्ला मिळतो. मला हा सल्ला अन्यायाचा वाटतो. अशा मुलांची मेहनत पुरेशी असते, पण तिचा मोठा भाग नक्कल करण्यात गेलेला असतो, आणि नक्कल करताना मेंदूला फारसे काम पडत नाही. पान पाहावे, ओळ लक्षात ठेवावी, वहीत उतरवावी आणि विसरून पुढच्या ओळीकडे जावे, एवढ्यावरच ते थांबते.

ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. उघड्या पुस्तकातला परिच्छेद तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते, आणि या ओळखीलाच आपण ‘मला हे येते’ असे समजतो. परीक्षेत मात्र समोर कोरे पान असते आणि मजकूर आतून बाहेर काढायचा असतो. ओळखीचे वाटलेले वाक्य अशा वेळी हाताशी येईलच याची खात्री नसते, कारण ते बाहेर काढण्याचा सराव कधी झालेलाच नसतो.

हा फरक प्रयोगांनी नीट दाखवला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले होते. काही उतारे विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांदा वाचले, तर काहींच्या बाबतीत मजकूर बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांतील सुमारे ८१ टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढलेल्यांतील ७५ टक्के. एका आठवड्यानंतर हे चित्र उलटले. पुन्हा वाचलेल्यांतील सुमारे ४२ टक्के शिल्लक होते आणि आठवून लिहिलेल्यांतील ५६ टक्के. याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात ज्यांनी एकच उतारा वारंवार वाचला होता त्यांना आपल्याला तो चांगला लक्षात राहील असा अधिक विश्वास वाटत होता, आणि आठवड्यानंतर तेच मागे पडले. वाचनाने येणारा आत्मविश्वास किती फसवा असू शकतो हे याहून स्पष्टपणे दाखवणारा पुरावा मला माहीत नाही. परीक्षेच्या सकाळी वाचून गेलेले परीक्षेत आठवते, म्हणून ती पद्धत चांगली वाटते. परंतु दहावीचा अभ्यासक्रम जूनमध्ये सुरू होतो आणि बोर्डाची परीक्षा त्यानंतर कितीतरी महिन्यांनी असते.

अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठातील जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळी अधोरेखित करणे किंवा हायलायटरने रंगवणे या विद्यार्थ्यांच्या सर्वांत आवडत्या पद्धती त्यांना कमी उपयोगाच्या आढळल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी वरचे स्थान दिले. पुस्तकात खुणा करूच नयेत असा याचा अर्थ मी घेत नाही. पहिल्या वाचनात न कळलेल्या वाक्यापाशी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढणे फार उपयोगी असते. पानावरील निम्म्या ओळी पिवळ्या झाल्या असतील, तर मात्र महत्त्वाचे काय हे ठरवण्याचे काम अजून व्हायचे आहे असे समजावे.

आता हे सगळे प्रत्यक्ष एका पाठावर करून पाहू. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ या पुस्तकातील पहिला पाठ ‘गुरुत्वाकर्षण’ आहे. त्यात वर्तुळाकार गती आणि अभिकेंद्री बल, केप्लरचे तीन नियम, न्यूटनचा सिद्धान्त, गुरुत्व त्वरण, वस्तुमान आणि वजन, मुक्त पतन आणि मुक्तिवेग असे मुद्दे एकापाठोपाठ येतात. बहुतेक विद्यार्थी पहिल्या ओळीपासून सरळ वाचू लागतात. त्याऐवजी आधी दहा मिनिटे पाठाची फक्त पाहणी करावी. उपशीर्षके वाचावीत, आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी पाहाव्यात, ‘थोडे आठवा’ या चौकटीतील प्रश्नांची उत्तरे मागच्या इयत्तेच्या आठवणीतून देऊन बघावीत आणि शेवटचा स्वाध्याय वाचून काढावा. उत्तर येत नसताना स्वाध्याय वाचायचा हे विचित्र वाटते खरे. पण पाठ आपल्याकडून काय अपेक्षितो हे तिथेच कळते, आणि मग वाचताना नजर कुठे थांबवायची ते ठरते.

अशा वाचनाला जुनी परंपरा आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४०च्या दशकात पाठ्यपुस्तक वाचण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात पाहणी, प्रश्न, वाचन, आठवून सांगणे आणि उजळणी असे पाच टप्पे होते. त्यांतला प्रश्नाचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो आणि माझ्या मते सर्वाधिक मोलाचा तोच आहे. प्रत्येक उपशीर्षकाचा वाचनापूर्वीच प्रश्न करायचा. ‘गुरुत्व त्वरणाच्या मूल्यात होणारा बदल’ असा मथळा असेल तर ‘गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखे का नसते?’ असा प्रश्न मनात धरून तो भाग वाचावा, आणि भाग संपल्यावर पुस्तक मिटून त्याचे उत्तर चार ओळींत लिहावे. नोट्सची खरी सुरुवात इथे होते. पुस्तक उघडे ठेवून लिहिलेली ओळ आणि मिटून लिहिलेली ओळ दिसायला सारखी असली, तरी दुसरी लिहिताना डोक्याने तो मजकूर शोधलेला असतो, जुळवलेला असतो आणि स्वतःच्या शब्दांत मांडलेला असतो.

लिहून झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडावे आणि राहिलेले किंवा चुकलेले वेगळ्या रंगाच्या पेनाने भरावे. ही पायरी टाळू नये, कारण चुकीचे आठवलेले तपासले नाही तर तेच पक्के होण्याची भीती असते. वेगळ्या रंगात भरलेला मजकूर आपल्या कच्च्या दुव्यांची यादी असतो आणि उजळणीच्या वेळी सर्वांत आधी तोच पाहायचा असतो. अशा वहीत खाडाखोड होते, पान नीटनेटके दिसत नाही, आणि त्याची लाज बाळगण्याचे काहीही कारण नाही.

वहीच्या मांडणीसाठी कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली रचना आपल्या शाळकरी वहीला सहज जुळते, कारण आपल्या वहीला डावीकडे समास असतोच. पॉक यांच्या रचनेत तो बराच रुंद, सुमारे अडीच इंचांचा असतो. उजवीकडच्या मोठ्या भागात टिपण लिहायचे, पानाच्या तळाशी दोन इंचांची पट्टी सोडून तिथे त्या पानाचे सार दोन-तीन वाक्यांत लिहायचे, आणि डावीकडच्या समासात नंतर प्रश्न लिहायचे. उजळणीच्या वेळी उजवी बाजू कागदाने झाकायची, समासातील प्रश्न वाचायचा, उत्तर मोठ्याने सांगायचे किंवा कच्च्या कागदावर लिहायचे आणि मग कागद सरकवून पडताळायचे. वही अशी असली की तिची उजळणी ही आपोआप चाचणी होते.

समासातल्या प्रश्नांचा दर्जा हा या पद्धतीचा प्राण आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘वजन म्हणजे काय?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर पाठ करून देता येते. त्याच्या शेजारी असा प्रश्न लिहून पाहावा: एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचे वजन ध्रुवावर जास्त आणि विषुववृत्तावर कमी का असते? त्यासाठी पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, म्हणजे ध्रुवावरील बिंदू केंद्राला अधिक जवळ आहे, हे आठवावे लागते, आणि गुरुत्व त्वरण ध्रुवावर सुमारे ९.८३ तर विषुववृत्तावर सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, या आकड्यांना काही अर्थ येतो. पुढे आणखी एक प्रश्न जोडावा: हा फरक दोन पारड्यांच्या तराजूत दिसेल का? दिसणार नाही, कारण वस्तू आणि वजनमाप या दोन्हींवरील बल सारख्याच प्रमाणात बदलते. स्प्रिंगच्या काट्यावर मात्र तो दिसेल. असा प्रश्न पडलेल्या विद्यार्थ्याला वस्तुमान आणि वजन यांतील फरक तक्ता करून पाठ करावा लागत नाही. मुक्तिवेगाचेही, म्हणजे ग्रहाच्या आकर्षणातून सुटण्यासाठी लागणाऱ्या किमान वेगाचेही, तसेच आहे. पृथ्वीवरून तो सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे हे लक्षात ठेवणे सोपे आहे. दगड आणि अग्निबाण यांचा मुक्तिवेग सारखाच का, हे सांगण्यासाठी मात्र समीकरण मांडून त्यातून वस्तूचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कसे निघून जाते ते स्वतः करून पाहावे लागते. ‘का’, ‘कसे’ आणि ‘तसे नसते तर काय झाले असते’ अशा प्रश्नांची सवय आठवी-नववीत लागली तर दहावी बरीच हलकी होते.

प्रत्येक विषयाचे टिपण एकाच साच्यात बसत नाही. दहावीच्या भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करते, त्यामुळे तिथे समोरासमोरचे दोन रकाने सर्वांत सोयीचे ठरतात. तक्त्यातील नोंदींच्या मागचे कारण मात्र सुटता कामा नये. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या प्रदेशाला ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हणतात एवढे लिहून थांबण्यापेक्षा, अजस्र कडा या उंच कड्यामुळे समुद्रावरून येणारे वारे अडतात आणि पलीकडच्या बाजूला पाऊस कमी पडतो असे लिहावे, आणि त्याच ओळीत सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेची नोंद करावी. माण-खटाव किंवा जतच्या विद्यार्थ्याने तो पाऊस न पडण्याचा अनुभव घेतलेलाच असतो. स्वतःच्या परिसरातील उदाहरण जोडले की परदेशातील नावही डोक्यात टिकून राहते, आणि ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नात लिहायला काहीतरी स्वतःचे असते. नकाशा मात्र पाहून काढण्यात अर्थ नाही. कोऱ्या आराखड्यात आठवून भरावा आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावा.

इतिहासात घटनांपेक्षा नावांचा गोंधळ जास्त होतो. पाश्चात्त्य इतिहासलेखनाच्या पहिल्याच पाठात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी नावे ओळीने येतात. प्रत्येकाच्या पुढे व्याख्येसारखे वाक्य लिहिले तर आठवडाभरात सगळी एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी हा माणूस आधीच्यापेक्षा वेगळे काय म्हणत होता, असा एकच प्रश्न प्रत्येकाला विचारावा. रांके यांनी मूळ दस्तऐवजांच्या आधारावर भर दिला, मार्क्स यांनी वर्गसंघर्षाकडे पाहिले, व्हॉल्टेअर यांनी युद्धे आणि सनावळ्यांच्या पलीकडे समाजाच्या चालीरीती, व्यापार आणि शेती यांचाही विचार इतिहासात व्हावा असे म्हटले. अशी साखळी जुळली की टीप लिहिताना वाक्ये आपोआप सुचतात.

गणिताची वही तर पूर्णपणे वेगळी हवी. सोडवलेली उदाहरणे उतरवून काढण्यात काहीच पदरात पडत नाही. पुस्तकातील सोडवलेले उदाहरण झाकून स्वतः सुरू करावे, अडले तर फक्त पुढची एक पायरी पाहावी आणि पुन्हा झाकावे. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत आणि सूत्र पद्धत यांचे सरावसंच वेगवेगळे आहेत, आणि शिकताना तो क्रम योग्यच आहे. पण सरावसंचाच्या डोक्यावरच पद्धत लिहिलेली असल्यामुळे कोणती पद्धत वापरायची हे ठरवण्याचा सराव विद्यार्थ्याला मिळत नाही. त्यामुळे प्रकरण संपल्यावर तिन्ही संचांतील उदाहरणे मिसळून, अधूनमधून अंकगणिती श्रेढीतील एखादे घालून सोडवावीत. मिश्र सरावात सुरुवातीला चुका वाढतात आणि वेगही कमी होतो. त्याने खचू नये, कारण पद्धत निवडण्याचे काम आता कुठे सुरू झालेले असते. चुकलेली उदाहरणे एका वेगळ्या वहीत, ‘चिन्ह बदलायला विसरलो’ किंवा ‘प्रश्न नीट वाचला नाही’ अशा कारणासह लिहावीत. महिन्याभरात त्या वहीत एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागते, आणि ते एक कारण दूर केले तर गुणांत लगेच फरक पडतो.

उजळणी केव्हा करावी, याचे उत्तर विस्मरणाच्या गतीत आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाची मोजणी प्रसिद्ध केली. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून काही काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत लागते हे ते मोजत असत. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक तृतीयांशावर आली होती, आणि महिन्याभरानंतर ती सुमारे एक पंचमांश होती. म्हणजे घसरण पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवशी सर्वांत मोठी असते, नंतर ती मंदावते. अर्थपूर्ण मजकूर अर्थहीन अक्षरांपेक्षा हळू विसरला जातो. तरी पहिली उजळणी लवकर हवी आणि नंतरचे अंतर वाढवत न्यावे, हा बोध शाळेच्या अभ्यासालाही लागू पडतो. शाळेत शिकवलेला भाग त्याच संध्याकाळी पुस्तक न उघडता दहा मिनिटे आठवून लिहावा, दोन-तीन दिवसांनी समासातील प्रश्न विचारावेत, आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतर घटक चाचणीच्या आधी. यांपैकी कोणत्याही वेळी पूर्ण पाठ वाचण्याची गरज नसते. जे प्रश्न अडतात तेवढाच भाग उघडून वाचावा. शिकवणीतून रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या मुलाला रोज तीन तासांचा अभ्यास शक्य नसतो, पण ही दहा-पंधरा मिनिटे त्याला निघू शकतात, आणि म्हणूनच या पद्धतीबद्दल मला इतका आग्रह वाटतो.

वर्गात शिक्षक शिकवत असताना सगळे टिपण्याचा प्रयत्न करू नये. पाठ्यपुस्तकात जे आहे ते घरी वाचता येते. वर्गात फक्त तेवढे टिपावे जे पुस्तकात नाही. शिक्षकांनी दिलेले वेगळे उदाहरण, फळ्यावर काढलेली सोपी आकृती, ‘इथे मुले हमखास चुकतात’ असा इशारा आणि स्वतःला पडलेली शंका, एवढ्या गोष्टी पुरतात. फळ्याचा फोटो किंवा ग्रुपवर आलेली पीडीएफ जपून ठेवायला हरकत नाही, पण ती मिळाल्याने काही शिकून झाले असे होत नाही. गाइड आणि तयार नोट्स यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल. स्वतः उत्तर लिहून झाल्यावर ते ताडून पाहण्यासाठी गाइड उत्तम असते, आणि उत्तर लिहिण्यापूर्वी उघडले तर तेच गाइड विचार करण्याची संधी काढून घेते.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून इयत्ता दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांना ‘माझी नोंद’ या शीर्षकाची कोरी पाने जोडली गेली होती, आणि २०२५च्या सुरुवातीला तो निर्णय मागे घेण्यात आला. मुले त्या पानांचा अपेक्षित वापर करत नव्हती आणि स्वतंत्र वह्या आणतच होती. कल्पना चांगली होती, असे मला आजही वाटते. पण नोंद कशी करावी हे मुलांना कोणी शिकवले नाही तर कोऱ्या पानावर त्यांनी काय लिहावे? सहावी-सातवीतल्या मुलाला ‘मुद्दे काढ’ असे सांगितले जाते आणि तो परिच्छेदातील पहिली ओळ उतरवतो, कारण मुद्दा कसा निवडायचा हे त्याला कोणी करून दाखवलेले नसते.

हे करून दाखवणे शिक्षकांच्या हाती आहे, आणि त्याला वेगळा तास लागत नाही. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत सर्वांनी पुस्तके मिटावीत आणि आज काय शिकलो ते आठवून लिहावे, मग शेजारच्याची वही घेऊन दोघांत काय राहिले ते पाहावे, आणि शेवटी शिक्षकांनी स्वतःचे टिपण फळ्यावर लिहून अमुक ओळ का घेतली आणि तमुक का सोडली ते सांगावे. वह्या तपासताना अक्षर आणि आखणी यांबरोबरच समासातील प्रश्नांकडेही पाहावे, आणि एखाद्या विद्यार्थ्याने पुस्तकात नसलेला प्रश्न लिहिला असेल तर तो वर्गात वाचून दाखवावा. पालकांनी रात्री मुलाच्या खोलीत डोकावून ‘वाचून झाले का?’ असे विचारण्याऐवजी वही स्वतःच्या हातात घ्यावी, समासातील एक प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकून घ्यावे. त्यासाठी पालकांना तो विषय येत असण्याची गरज नाही, कारण उत्तर उजव्या बाजूला लिहिलेले असते.